बाप्तिस्मा झाला, आता पहिलं वर्ष

बाप्तिस्म्याच्या रविवारी मंडळी टाळ्या वाजवते, फोटो निघतात, कोणीतरी केक आणतं. सोमवारी तोच माणूस नाशिकमधल्या सातपूरच्या कारखान्यात पहिल्या पाळीला जातो आणि डबा उघडताना शेजारचा विचारतो, "काय रे, ख्रिश्चन झालास म्हणे?" त्याला तेव्हा काय बोलायचं ते सुचत नाही. पुढे जे लिहिलंय ते या सोमवारपासूनचं आहे.

मी इथल्याच शरणपुरात वाढले. नर्स म्हणून नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर पाळकसाहेबांनी नव्या सभासदांच्या सोबतीचं काम माझ्या गळ्यात घातलं. मी सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या शाळेत, शिकलेली नाही. "ताई, या नवीन बाईंकडे जरा लक्ष द्या" असं ज्यांना उपासना संपताना दारात सांगितलं जातं आणि मग लक्ष द्यायचं म्हणजे नेमकं काय करायचं हे कोणीच सांगत नाही, त्या माझ्यासारख्या साध्या सभासदांसाठी हे आहे.

सोबती कोण असावा

एका नव्या माणसामागे एक जुना माणूस. बाईला बाई, पुरुषाला पुरुष. यात तडजोड करू नका. पुढच्या निम्म्या भानगडी इथेच टळतात. दुसरं म्हणजे अंतर बघा. सिडकोत राहणाऱ्याला देवळाली कॅम्पातला सोबती दिला तर दोघांची पहिल्या महिन्यातच दमछाक होते. पाळीसुद्धा बघा. रात्रपाळीच्या माणसाला सकाळी नऊला प्रार्थनेला बोलावणारा सोबती काही कामाचा नाही.

आमच्याकडे ज्याला लांबलचक प्रार्थना करता येते तो आत्मिक समजला जातो आणि हे काम त्यालाच दिलं जातं. मी उलट बघते. ज्याला गप्प बसता येतं, ज्याच्या घरी अचानक कोणी आलं तर चहा होतो आणि ज्याची बायको किंवा नवरा या कामावर वैतागलेला नाही, असा माणूस शोधा. ज्याच्याकडे प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तयार असतं त्याला संडे स्कूलचा हिशेब द्या.

पाळक एकटे हे करू शकत नाहीत आणि त्यांनी ते एकट्याने करूही नये. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात ख्रिस्ती लोकांना छळणाऱ्या शौलाचं (हाच पुढचा पौल) मन पालटलं, तरी यरुशलेमेतले शिष्य त्याला घाबरून लांब राहिले. बर्णबाने त्याला सोबत घेतलं आणि प्रेषितांपुढे उभं केलं. पुढे तोच बर्णबा त्याला शोधायला तार्सापर्यंत गेला, अंत्युखियाला घेऊन आला आणि दोघं तिथल्या मंडळीत वर्षभर एकत्र राहिले. मी तेच माप धरते: एका ईस्टरपासून पुढच्या ईस्टरपर्यंत. सुरुवातीच्या शतकांत शिकणाऱ्याला बाप्तिस्म्याआधी तीन-तीन वर्षं थांबवल्याचे दाखले आहेत. आपण काही आठवड्यांच्या वर्गावर बाप्तिस्मा देतो, तेव्हा उरलेलं शिकणं नंतरच होणार हे मनाशी धरून चला.

घरी आधी तुम्ही जा

त्याला चर्चमध्ये बोलावण्याआधी तुम्ही त्याच्या घरी जाऊन या. बायबलची पिशवी काखोटीला मारून जाऊ नका. हंगाम असेल तर किलोभर द्राक्षं घ्या, नसेल तर बिस्किटाचा पुडा. सासू असेल तर आधी तिच्याशी बोला, गुडघे दुखतात का विचारा, चहा दिला तर प्या. कोणी म्हटल्याशिवाय मोठ्याने प्रार्थना करू नका.

घरच्यांना वचनांची नाही, व्यवहाराची भीती वाटत असते. मुलगा पगार घरी देईल का? धाकटीचं लग्न जमेल का? आम्ही गेल्यावर आमचं कोण करणार? हे प्रश्न ते तुम्हाला विचारणार नाहीत, तुमच्या माघारी त्याला विचारतील. म्हणून तुम्हीच विषय काढा. मी सरळ सांगते, "आई, आम्ही त्याला घर सोडायला सांगत नाही. त्याने तुम्हाला उलट उत्तर दिलं तर मला फोन करा." असे फोन खरंच येतात, आणि ते चांगलं लक्षण आहे.

नव्या माणसाला मात्र पहिला धडा कडक द्यावा लागतो. नवा उत्साह असतो. तो घरी जाऊन आईला सांगतो की तुझे देव खोटे आहेत. चार दिवसांत घर पेटतं, आणि तो आपल्याकडे येऊन म्हणतो की माझा छळ होतोय. छळ नव्हे, हा त्याचा उद्धटपणा. मी सांगते, सहा महिने घरात कोणाला उपदेश करायचा नाही. पाणी भर, बापाला दवाखान्यात ने, पगार वेळेवर दे. विचारलं तर उत्तर दे, तेही सौम्यपणे. पेत्राने पहिल्या पत्रात हेच सांगितलंय, तिसऱ्या अध्यायात. तो अध्याय त्याच्यासोबत बसून वाचा.

नवरा-बायकोपैकी एकानेच विश्वास धरला असेल तर आणखी सांभाळून. जलालपूर इथून जवळच, गोदावरीच्या काठी. लक्ष्मीबाई टिळकांचं ते माहेर. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधल्या काळात त्या काही वर्षं नवऱ्यापासून दूर राहिल्या आणि पुन्हा एकत्र आल्यावरही सोवळंओवळं पाळत राहिल्या. त्यांना घाई करायला लावली असती तर त्या किती टिकल्या असत्या कोण जाणे. आपल्या मंडळीत मात्र नवऱ्याचा बाप्तिस्मा झाला की दुसऱ्याच रविवारी बायकोला विचारतात, "तुमचं कधी?" हा प्रश्न बंद करा. बंद होत नसेल तर तिच्या शेजारी तुम्ही बसा आणि विचारणाऱ्याला तुम्ही उत्तर द्या. पौलाने करिंथकरांना लिहिलंय की विश्वास न धरणारा जोडीदार सोबत राहायला राजी असेल तर त्याला सोडू नये. कोणी "वेगळं व्हा" असा सल्ला देत असेल तर त्याला पहिल्या पत्राचा सातवा अध्याय दाखवा. घरात मारहाण होत असेल तर गोष्ट वेगळी. तिथे आधी तिचा जीव, आणि मग बाकी सगळं.

शरणपूर हे नावच सांगतं की एके काळी इथे आसरा द्यावा लागत होता. १८५० च्या दशकात मिशनऱ्यांनी ही वस्ती वसवली, कारण घरातून हाकललेल्यांना, अनाथांना आणि जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकन गुलाम मुलांना जायला दुसरी जागा नव्हती. त्याच नाशिकच्या शाळेत शिकलेला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत फिरलेला मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन याच्या शवासोबत आफ्रिकेतून थेट इंग्लंडपर्यंत गेला. मला या वस्तीचा अभिमान आहे. पण तिने आपल्याला एक सवयही लावली: ख्रिस्ती झाला की तो आता आपल्या आवारातला, गावाचा नाही. आज नवा विश्वासणारा अंबडच्या दोन खोल्यांत आई, भाऊ आणि भावजयीसोबत राहतो आणि तिथेच राहणार आहे. आपल्याला त्याला तिथे नीट जगायला शिकवायचं आहे.

बायबल कुठून उघडायचं

नवा माणूस पुस्तक पहिल्या पानापासून उघडतो, दुसरं काय करणार? उत्पत्ती गोष्टींमुळे मजेत जातं, निर्गमच्या उत्तरार्धात निवासमंडपाच्या फळ्या आणि पडदे सुरू होतात, आणि लेवीय या तिसऱ्या पुस्तकाला माणूस थांबतो. दुसऱ्या बाजूने काहींना कोणीतरी यूट्यूबवरून प्रकटीकरण हे शेवटचं पुस्तक शिकवलेलं असतं आणि ते त्यातल्या श्वापदाचा आकडा मोजत बसतात. दोन्ही टाळा. मार्कापासून सुरू करा. चार शुभवर्तमानांत ते सगळ्यात लहान, सोळा अध्याय. रोज अर्धा अध्याय वाचला तर महिन्याभरात संपतं. मग लूक, मग प्रेषितांची कृत्ये, त्यानंतर फिलिप्पैकरांस आणि याकोबाचं पत्र. रात्री एखादं स्तोत्र. तेविसावं सगळेच देतात, मी तेरावंही देते, कारण देवाला "किती वेळ?" असं विचारता येतं हे कळल्यावर माणूस मोकळा होतो.

अध्याय आणि वचन कसं शोधायचं ते हाताने दाखवा. उपासनेत पाळक "रोम आठ अठ्ठावीस" म्हणतात आणि सगळ्यांची पानं सळसळतात तेव्हा नवा माणूस लाजून पुस्तक मिटतो. मोठ्या अक्षरांची प्रत घ्या. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या मोबाईलवर ऐकायचं बायबल उतरवून द्या. आमच्या पेठ रोडवरच्या एक भाजीवाल्या मावशी पहाटे मार्केटला जाताना टेंपोत तेच ऐकतात. पेठ, सुरगाण्याकडच्या लोकांच्या घरी कोकणी (गोव्याची नव्हे, इथल्या आदिवासींची बोली) बोलली जाते, तिथे पुस्तकी मराठी कानावरून जाते. एकेक गोष्ट ऐकवा आणि त्यांना त्यांच्या बोलीत परत सांगायला लावा. त्यात काय चुकतं, काय सुटतं, ते लगेच कळतं.

आठवड्यातून एकदा तासभर बसा, त्याहून जास्त नको. वाचून झाल्यावर मी व्याख्यान देत नाही. विचारते, "यात येशू काय करतोय?" आणि थांबते. मार्कात लेवी नावाचा माणूस जकातीच्या नाक्यावर बसलेला आहे हे वाचलं की जुने नाशिककर हसतात. जकात नाक्यावर काय चालायचं हे त्यांना मला सांगावं लागत नाही, त्यामुळे येशू त्याच्या घरी जेवायला गेला याचा धक्काही त्यांना बरोबर बसतो.

आणि तुम्हीही शिकायची तयारी ठेवा. योहानाच्या पंधराव्या अध्यायात येशू स्वतःला द्राक्षवेल म्हणतो आणि फांद्या छाटण्याबद्दल बोलतो. त्यावर मी बरीच प्रवचनं ऐकली, पण छाटणी मला समजावली ती दिंडोरीकडे द्राक्षबागेत मजुरीला जाणाऱ्या एका बाईने. बाप्तिस्मा होऊन तिला तेव्हा जेमतेम एक पावसाळा झाला होता. ती म्हणाली, "ताई, एप्रिलला छाटतात तेव्हा घड धरायचाच नसतो. काडी तयार करायची असते. घडाची छाटणी ऑक्टोबरला." नव्या माणसाचं पहिलं वर्ष मी तेव्हापासून एप्रिलच्या छाटणीसारखं बघते. या वर्षात फळ मोजायचं नाही. त्याने किती जणांना चर्चला आणलं हे विचारणाऱ्यांना मी सरळ गप्प करते.

प्रार्थना शिकवायला वेगळा वर्ग नको. प्रभूची प्रार्थना पाठ करून घ्या, बाकी तो तुमची ऐकून शिकेल. म्हणून तुमची प्रार्थना छोटी ठेवा.

देव्हारा, प्रसाद आणि रामकुंड

यावर सगळ्यात जास्त प्रश्न येतात आणि यावरच सगळ्यात जास्त मूर्ख सल्ले दिले जातात. घरातले टाक, खंडोबाची तळी, सप्तशृंगीची तसबीर: हे काढून नदीत टाका, असं कोणी सांगितलं तर आधी विचारा की ते कोणाचे आहेत. सासूचे असतील तर सुनेला त्यांना हात लावायचा अधिकारच नाही. तिने पूजा करायची नाही असं ठरवलं असेल तर ते सासूला नीट सांगावं आणि बाकीची कामं दुप्पट करावीत. पुरणपोळी लाटायला, घर सारवायला, सिंहस्थात आलेल्या पाहुण्यांच्या पंगती वाढायला काहीच हरकत नाही. सिंहस्थ बारा वर्षांनी येतो आणि नाशिककरांच्या घरात तेव्हा माणसं मावत नाहीत. त्या गर्दीत "मी ख्रिस्ती आहे, मला जमणार नाही" म्हणत खोलीत बसलेली सून येशूची काय साक्ष देणार?

प्रसादाचं उत्तर करिंथकरांच्या पहिल्या पत्राच्या आठव्या आणि दहाव्या अध्यायात आहे आणि ते एका शब्दाचं नाही. स्वतःचं मन काय म्हणतं, समोरचा काय समजेल आणि दुर्बळ भावाला ठेच लागेल का, या तीन गोष्टी पौल बघायला लावतो. मी माणसागणिक वेगळं बोलते. काल-परवापर्यंत अंगात येत होतं अशा बाईला मी प्रसाद घेऊ नको म्हणते, कारण तिच्यासाठी तो नुसता खाऊ नाही. कचेरीत सत्यनारायणाचा शिरा वाटला जातो तिथे अवघडून जाणाऱ्या मुलाला मी सांगते की तुला नको असेल तर हात जोडून "नको" म्हण, भाषण देऊ नकोस.

नामान या अरामी सेनापतीची गोष्ट हमखास वाचा, दुसरं राजे, पाचवा अध्याय. कोड बरा झाल्यावर तो अलीशा या संदेष्ट्याला विचारतो की माझा धनी माझ्या हातावर टेकून रिम्मोनाच्या देवळात नमन करतो तेव्हा मलाही वाकावं लागतं, त्याची क्षमा होईल ना? अलीशा त्याला नियम सांगत नाही, "शांतीने जा" म्हणतो. यावरून सगळं चालतं असा अर्थ काढू नका. पण एका रात्रीत सगळं सुटत नाही हे देवाच्या माणसाला कळत होतं.

मंगळसूत्र, टिकली, बांगड्या हा तिचा प्रश्न आहे, तिला ठरवू द्या. आपल्या कितीतरी मराठी ख्रिस्ती बायका मंगळसूत्रात क्रूस घालतात.

आता रामकुंड. वडील जातात, दहाव्याला सगळे रामकुंडावर जमतात आणि थोरला मुलगा आता ख्रिस्ती आहे. त्या क्षणी तुम्हाला फोन आला तर खूप उशीर झालेला असतो. हे बोलणं आई-वडील धडधाकट असताना व्हायला हवं, आणि ते त्यानेच करायला हवं. माझं मत सांगते. पाळकांमध्ये यावर दुमत आहे, म्हणून आपल्या पाळकांनाही विचारा. बापाच्या देहाला अग्नी देणं हे मुलाचं शेवटचं काम आहे. देह जाळू नये असं सांगणारं वचन मला तरी सापडलेलं नाही. खांदा द्यावा, अग्नी द्यावा, आईजवळ बसावं. पिंडदान ही गोष्ट वेगळी, तिथे काहीतरी अर्पण केलं जातं. ते धाकट्या भावाने, चुलत्याने करावं आणि याने आधीच तसं ठरवून घ्यावं. पण रामकुंडावर त्याने जायचंच. खर्चाचा वाटा उचलायचा, सामानाच्या पिशव्या धरायच्या, आईला पायऱ्या उतरायला मदत करायची, नातेवाइकांचं जेवण बघायचं. जे करणार नाही त्याबद्दल एका वाक्यात सांगायचं आणि बाकी सगळीकडे पुढे राहायचं. आमच्या ओळखीच्या एका मुलाने असं केलं, तेव्हा त्याच्या मामाने सगळ्यांसमोर त्याला शिव्या दिल्या. वर्षश्राद्धाला त्याच मामाने स्वयंपाक्याची व्यवस्था त्याच्यावर सोपवली. दरवेळी असं होईल याची खात्री मी देत नाही. काही घरं वर्षानुवर्षं बोलत नाहीत.

त्याच्या स्वतःच्या मरणाचाही विषय काढा. दफन की दहन, कुठे, कोण ठरवणार, हे घरच्यांना माहीत असू द्या. मृतदेहावरून मंडळी आणि भाऊबंद भांडताना मी पाहिलेत, त्याच्याइतकं लाजिरवाणं काही नाही.

औषधं बंद करू नका

हे मी नर्स म्हणून लिहिते, त्यामुळे आवाज चढला तर चढू द्या. पुष्कळ लोक आजारपणात प्रार्थना ऐकली गेली म्हणून विश्वासात येतात. बरं वाटलं की गोळ्या बंद करतात आणि कोणीतरी त्याला विश्वासाचं पाऊल म्हणतं. साध्या क्षयरोगाचा उपचार सहा महिने असतो. मध्येच सोडला तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात आणि मग घरातल्या लेकरांनाही तोच चिवट आजार लागू शकतो. मिरगीच्या गोळ्या, इन्सुलिन, मानसिक आजाराची औषधं, रक्तदाबाची गोळी: डॉक्टर सांगेपर्यंत चालू. लूक स्वतः वैद्य होता, पौलाने तीमथ्याला पोटासाठी उपाय सुचवलाय.

दारूचं तसंच. रोज भरपूर पिणाऱ्याने प्रार्थनासभेत बाटली फोडली आणि दुसऱ्या दिवशी त्याला फिट आली, हे होऊ शकतं. अचानक सोडल्यावर हात थरथरणं, भास होणं, फिट येणं दिसलं तर प्रार्थना रिक्षात करा आणि सिव्हिलला न्या. नंतर तो पुन्हा प्यायला तर तो विश्वासातून गेला असं जाहीर करू नका. दारू सोडणारी माणसं बहुधा एका फटक्यात सोडत नाहीत.

आणि जे बरे होत नाहीत त्यांना "विश्वास कमी पडला" असं म्हणायचं नाही. पौलाच्या देहातलं दुखणं, ज्याला तो काटा म्हणतो, तेही प्रार्थना करून गेलं नाही.

आपली जुनी मंडळी

नवे लोक मंडळी सोडतात ते बहुतेक वेळा आपल्यामुळे. "तुम्ही मूळचे कोण?" हा प्रश्न चहाच्या वेळी किती गोड आवाजात विचारला जातो! गाव विचारल्यासारखा, पण रोख जातीवर. उत्तर ऐकून आवाजात जो बदल होतो तो नव्या माणसाला बरोबर कळतो. आयुष्यभर त्याने तोच ऐकलेला असतो. त्याला वाटलं होतं इथे तरी तो नसेल. जे विचारतात ते आपलेच काका-मावश्या असतात, तेव्हा त्यांना चारचौघांत नाही, बाजूला घेऊन सांगा. पण सांगाच.

उपासनेत त्याच्याशेजारी बसा. कधी उभं राहायचं, कुठलं पान, गीताचा क्रमांक, हे बोटाने दाखवा. प्रभुभोजनाला कोण पुढे जातं, दृढीकरण (बिशपांसमोर विश्वास पक्का करण्याचा विधी) म्हणजे काय, बिशप कधी येतात, हे आधीच्या आठवड्यात सांगून ठेवा, म्हणजे वेदीपासून परत फिरायची वेळ कोणावर येत नाही. वारकरी घरातून आलेल्यांना नारायण वामन टिळकांची भजनं द्या. त्र्यंबकेश्वरच्या निवृत्तिनाथांच्या यात्रेत टाळ धरलेला माणूस इंग्रजी चालीवरच्या गीतात अडखळतो आणि अभंग लागला की त्याचा आवाज सगळ्यात वर जातो. कोणी "नवीन नाव काय ठेवलं?" विचारलं तर सांगा की नारायण वामन शेवटपर्यंत नारायण वामनच राहिले आणि लक्ष्मीबाई लक्ष्मीबाईच.

नाताळात त्याला एकटं सोडू नका. गणपती-दिवाळीला त्याचं घर भरलेलं असतं आणि पंचवीस डिसेंबरला त्याच्याकडे कोणी फिरकत नाही. जेवायला बोलवा, त्याच्या आईलाही बोलवा, करंज्यांचा डबा द्या.

पहिल्या वर्षात त्याला व्यासपीठावर साक्ष द्यायला उभं करू नका. "मी आधी कसा होतो" हे दहा वेळा सांगितलं की गोष्ट दर वेळी थोडी वाढते आणि मग ती त्याला खाली ठेवता येत नाही. खुर्च्या लावू द्या, स्वयंपाकात हात लावू द्या, शास्त्रवाचनाचा उतारा आधी सराव करून वाचू द्या.

कागद आणि पैसा

इथे स्पष्ट बोला. संविधानाचं कलम २५ प्रत्येकाला आपल्या विवेकानुसार धर्म मानण्याचं स्वातंत्र्य देतं. पण १९५० च्या अनुसूचित जाती आदेशानुसार हा दर्जा हिंदूंना मिळतो. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आले नाहीत. म्हणजे अनुसूचित जातीतल्या माणसाच्या सवलतींवर धर्मांतराचा परिणाम होतो. अनुसूचित जमातीसाठी धर्माची अशी अट त्यांच्या आदेशांत नाही. हे बाप्तिस्म्याआधी सांगायला हवं. राहिलं असेल तर आता सांगा आणि वकिलाकडे घेऊन जा. लपवायला शिकवू नका आणि "काही होत नाही" असंही म्हणू नका. मुलांच्या फीचा प्रश्न आहे, तो त्याने डोळे उघडे ठेवून ठरवावा.

नोकरी, शाळेत प्रवेश, पैसे यांचं आमिष कोणीही, कधीही दाखवायचं नाही. अडचणीला मदत करायची तर मंडळीच्या निधीतून, पावतीसह, कमिटीच्या माहितीने. सोबत्याने स्वतः उसने देऊ नयेत. हजार रुपयांपायी नव्या माणसाने रस्ता बदलून जाणं मी पाहिलंय. दशमांशाचा, म्हणजे कमाईचा दहावा भाग चर्चला देण्याचा, विषय पहिल्या वर्षी काढू नका. बाप्तिस्म्याचे फोटो व्हॉट्सॲप स्टेटसला टाकायचे नाहीत, तुम्हीही नाही. ते कोणापर्यंत पोचतात आणि त्याच्या बहिणीच्या सोयरिकीचं काय होतं, हे आपल्या हातात राहत नाही.

तो यायचा थांबला तर

दोन रविवार दिसला नाही तर फोन करा, तिसऱ्याला घरी जा. "चर्चला का नाही आलात?" असं विचारलं की माणूस कारण बनवतो. "कसे आहात?" एवढंच विचारा आणि बसा. बहुतेकदा पाळी बदललेली असते, मूल आजारी असतं, नाहीतर आपल्यातलंच कोणी काही बोललेलं असतं. आणि खरंच त्याला आता नको असेल तर जाऊ द्या. वाटेत भेटल्यावर पूर्वीसारखंच बोला, त्याच्या मुलीच्या लग्नाला जा.

वर्ष होत आलं की भेटी कमी करा. पंधरा दिवसांनी, मग महिन्याने. तो तुम्हाला न विचारता निर्णय घेऊ लागतो, कधी तुमच्या मताविरुद्ध. माझ्या एका बाईने मी नको म्हणत असताना मुलाचा बाप्तिस्मा पुढे ढकलला, तो मोठा झाल्यावर ठरवेल म्हणून, आणि ती ऐकली नाही याचा मला आनंद झाला.

नोकरीसाठी कोणी पुण्याला किंवा मुंबईला चाललं असेल तर नुसतं "तिथे चर्च शोधा" म्हणू नका. मोठ्या शहरात नवा माणूस तीन महिन्यांत हरवतो. तो निघण्याआधी तिथल्या पाळकांना फोन लावा, सभासदत्वाचं बदलीपत्र त्याच्या हातात द्या, आणि त्या मंडळीतल्या एका घराचा पत्ता त्याच्या मोबाईलमध्ये भरून द्या. पहिल्या रविवारी त्यांनी त्याला स्टँडवर घ्यायला यावं असंही सांगा. गेल्यावर महिनाभराने त्या घरी तुम्हीच फोन करा आणि तो जेवायला येतो का ते विचारा.